जावईबापूंची खोली

मंगळवार, ३ तारीख

वही, तू माझ्याहून विसरभोळी. काल अंथरुणावर पडल्या पडल्या तुला सगळं सांगितलं होतं, आणि आज उघडली तर कोरी! टेलरबाई म्हणतात, काकू, मनातल्या मनात सांगितलेलं हिला कळत नाही, मला सांगावं लागतं. बरं, मग त्यांनाच सांगते. शेजारच्या दारात राहतात, शिलाई करतात, चार वाजता चहाला येतात. मी त्यांना काजं करून देते, त्या मला अक्षरं करून देतात. वहीसुद्धा त्यांच्या मापांचीच आहे. प्रत्येक पानावर छाती, कंबर, बाही असं छापलंय म्हणे. माझं दुखणं-खुपणं त्याच्या खाली बसवायचं.

तर — आज पिंजरा आला.

नातीने पाठवला, कुरियरने. फोनवर म्हणाली, "आजी, पिंजरा म्हणायचं नाही. ती त्याची खोली आहे." ज्या दाराला कडी फक्त बाहेरून असते त्याला मी खोली म्हणत नाही. पण शिकलेल्या माणसांशी वाद कोण घालणार!

खोली ज्यांच्यासाठी आली ते जावईबापू. दोन वर्षांपूर्वी नातीने हे कुत्रं कुणाला न विचारता घरात आणलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, हा आपला नातजावई. पुढे नात नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि हे सासुरवाडीतच राहिले. खातात, सोफ्यावर लोळतात, कामाला हात लावत नाहीत. एक कान उभा, एक पडलेला.

यांना एकटं राहवत नाही. गेल्या महिन्यात मी गुडघ्याचा फोटो काढायला गेले, दोन तासांत परत आले. तेवढ्यात खुर्चीचा एक पाय गेला, सूनबाईची एक चप्पल गेली, दाराचा रंग गेला. आणि भुंकणं! सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारावर चिठ्ठी चिकटवली. मला वाचता येत नाही हे ठाऊक असून चिठ्ठी!

आता गुडघा बदलायचाय. उजवा. चोवीस तारीख ठरली आहे. पाच दिवस दवाखाना, मग महिनाभर रोज सकाळी व्यायामाला तिथेच जायचं. सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये असते, दुपारी तासभर घरी येऊ शकते. मुलगा बाहेरगावी पूल बांधतोय, महिन्यातून एकदा येतो. म्हणजे चोवीस तारखेच्या आत जावईबापू चार तास खोलीत गप्प बसायला शिकले पाहिजेत. नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणाले, हा गुडघा तेवढं थांबणार नाही.

शिकवायचं कुणी? जी घरात असते तिने. शंभर काजं सांगा, करीन. हे काय माझ्या गळ्यात मारलं!


बुधवार, ४

नातीचे नियम — दार उघडं ठेवायचं. आत उकडलेल्या अंड्याचा पिवळा तुकडा ठेवायचा. ओढायचं नाही, रागवायचं नाही, आपणहून जाऊ द्यायचं.

गेले आपणहून. मागचे दोन पाय बाहेर ठेवून गेले. मान लांब केली, अंडं उचललं, परत सोफ्यावर. मी तुकडा आणखी आत सरकवला. हे आणखी लांब झाले. कुत्रं इतकं ताणलं जातं हे मला माहीत नव्हतं. टेलरबाई म्हणाल्या, कापड कमी असलं की असंच बेताने घ्यावं लागतं.

तीन अंडी संपली. मागचे पाय अजून बाहेरच आहेत.


गुरुवार, ५

चारही पाय आत! शेपूट बाहेर. चालेल.

सूनबाईला रोज संध्याकाळी हिशेब हवा असतो, आज किती मिनिटं राहिला. लिहायचं म्हटलं तर मी ही अशी. म्हणून जॅमची रिकामी बाटली घेतली. दार लावून पाच मिनिटं गप्प राहिले की एक बटण बाटलीत. घड्याळ मला कळतं — काट्यांना अक्षरं लागत नाहीत. दार अजून लावलेलं नाही, म्हणून बाटली रिकामी.


शुक्रवार, ६

आज कडी लावली.

खट झालं मात्र, आणि जे सुरू झालं त्याला रडणं म्हणू नये. सभेतलं भाषण! मधेच दम घ्यायला थांबायचं, माझ्याकडे बघायचं, ऐकते आहे अशी खात्री करायची, पुढे चालू. टेलरबाई हातात कात्री घेऊनच धावत आल्या. त्यांना वाटलं मी पडले.

संध्याकाळी सूनबाईने बाटली हलवून बघितली. काही बोलली नाही. न बोलण्यात ती फार पटाईत.


शनिवार, ७

उशी फाडली. माझी.


रविवार, ८

सापडलं!

सकाळी पिंजरा रिकामा होता. कडी अडकत होती म्हणून तिला तेल घातलं आणि दोनदा खट-खट करून बघितली. जावईबापू तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या सुनेच्या पायात घोटाळत होते. आवाज आला आणि धूम पलंगाखाली. म्हणजे खोली नकोय असं नाही, आत बसणं नकोय असंही नाही. खट नकोय!

मग मी माझं काम काढलं. जुन्या पिशवीची जाड पट्टी घेतली, दुहेरी केली, तिच्यावर ओव्हरकोटच्या बटणाएवढं काज केलं. पिंजऱ्याच्या गजाला बटण पक्कं शिवलं. आता कडी नाही. पट्टी ओढली, काजात बटण घातलं, दार बंद. आवाज म्हणून नाही.

हे आत बसले. दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पट्टी हुंगली. मग मोठा उसासा टाकला, टेकले. पाच मिनिटांनी अंडं. दहा मिनिटांनी अंडं. पंधरा.

बाटलीत तीन बटणं! सूनबाईने मोजली, आणि न विचारता मला दुसरा चहा दिला.


सोमवार, ९

नऊ बटणं. पाऊण तास. शेवटी शेवटी घोरत होते.

नात फोनवर म्हणाली, आजी, काज-बटण कुठल्याच व्हिडिओत नाही. म्हटलं, व्हिडिओवाल्यांना शिवता येत नसेल. "तू आजी नाहीस, प्रोफेसर आहेस," म्हणाली. अंगठा उठवणारी प्रोफेसर. टेलरबाई हसल्या आणि वहीवर चहा सांडला. डाग कमरेच्या मापावर पडलाय म्हणे.


मंगळवार, १०

काल संध्याकाळी सूनबाई मुलाशी फोनवर बोलत होती. मी बाल्कनीत टॉवेल काढत होते. ती म्हणाली, "एकदा तो पिंजऱ्यात राहायला लागला ना, की घरात दिवसभर कुणी असायची गरजच नाही."

टॉवेल वाळले नव्हते. परत टाकले.

आज विशेष काही नाही.


बुधवार, ११

दोन बटणं. बिघडले परत. कशाने बिघडले कोण जाणे! जावई जातीचा भरवसा नाही. शिकवलं ते धुऊन टाकलं. गुडघाही आज जास्त दुखतोय. याच्यामागे उठा-बस करून करून दुखतोय, दुसरं काय.


गुरुवार, १२

एक बटण. तेही दयेपोटी टाकलं.

आज तर सोफ्याची खोळ फाडली. चांगली हातभर. पट्टी कशी निघाली, हे बाहेर कसे आले, मी संडासात असताना काय काय झालं, कुणाला ठाऊक. सूनबाई आली, खोळ बघितली, मटकन खाली बसली. म्हणाली, अजून बारा दिवस आहेत, होईल. मी म्हटलं, मला काही लक्षण दिसत नाही.

जावईबापू सोफ्याखालून माझ्याकडे टक लावून बघत होते. त्या नजरेचा मला राग आला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे डोळे!

खोळ टेलरबाईंकडे शिवायला दिली.


शनिवार, १४

काल टेलरबाईंनी लिहून घेतलं नाही. म्हणून कालचं आज सांगते आहे, आणि त्या तोंड आवळून लिहीत आहेत.

काल चहाला आल्या ते खोळ घेऊनच. न शिवलेली. मांडीवर पसरली. मी सुरुवात केली, लिहा — आज एकही बटण नाही, जावईबापूंनी दिवसभर घर डोक्यावर घेतलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, कुत्रं दातांनी फाडतं. ही उसवलेली आहे. एक टाका सोडून एक टाका, कात्रीच्या टोकाने. तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही."

मी चहात साखर ढवळत राहिले.

मग म्हणाल्या, मधे एकच भिंत आहे. चार दिवस झाले, मला कुत्र्याचा आवाज नाही. सकाळी तुमचाच आवाज येतो, "ऊठ मेल्या, रड की जरा."

वही, तुला खोटं सांगितलं. ते आता दुरुस्त करते.

बुधवारी जावईबापू दहा वाजता आत गेले आणि बारा वाजेपर्यंत हललेसुद्धा नाहीत. गुरुवारीही तसंच. मी काज सोडून दार उघडलं, तर बाहेर यायला तयार नाहीत! गार फरशीपेक्षा आतली गोधडी बरी वाटली असणार. मागचा पाय धरून ओढून काढलं. म्हटलं, जावईबापू, थोडं भुंका. जांभई दिली. म्हटलं, निदान खुर्ची तरी खा. माझा हात चाटला. इतका नालायक विद्यार्थी मी पाहिला नाही — शिकला तर शिकला, विसरायला तयार नाही! शेवटी कात्री मलाच घ्यावी लागली. चाळीस बटणं माझ्या ओच्यात आणि बाटलीत एक.

टेलरबाईंनी विचारलं, का? मी म्हटलं, चहा निवतोय.

त्या सुनेला सांगणार नाहीत. पण खोटं आता लिहूनही घेणार नाहीत. घरात बसून पगार न देता मास्तरीण ठेवली मी!


सोमवार, १६

झालं. आता निस्तरा.

काल सूनबाईने बाटली उचलली, परत ठेवली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिचं सगळं ठरलं होतं. लॅबच्या रस्त्यावर रोपवाटिका आहे. तिथल्या माळीबुवांना राखणीला कुत्रं हवंय. मोकळी जागा आहे, पिंजरा नाही. ती विचारून आली. बुधवारी संध्याकाळी घेऊन जाणार. नातीशीही बोलली. नात रडली आणि हो म्हणाली.

मी म्हटलं, तीन महिन्यांनी करू गुडघा. त्यात काय बिघडतंय?

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही न्हाणीघरात भिंत धरून जाता, ते मला दिसतं. आता गुडघा आधी. कुत्रं मग."

आवाज जड होता. तिलाही तो लाडका आहे. तिची चप्पल खाऊनही लाडका आहे! रोज लॅबमधून आल्यावर आधी त्याच्याशी बोलते, मग माझ्याशी.

मी म्हटलं, बघू.

जावईबापू माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसले होते. परीक्षेत पहिला आला आणि मी निकाल चुकीचा लावला. आणि घराबाहेर कोण जाणार — तर हा!


मंगळवार, १७

सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. सूनबाई समोर आली की मिटलं. उद्या संध्याकाळी माळीबुवा.

टेलरबाई विचारतात, आणखी काही लिहायचं? नाही.


बुधवार, १८

सांगितलं.

सकाळी सूनबाई डबा भरत होती. म्हटलं, आज रजा टाक. म्हणाली, नाही मिळणार. म्हटलं, मग तासभर उशिरा जा, मला काहीतरी दाखवायचंय. मी टाळी वाजवली, म्हटलं, जावईबापू, खोलीत. गेले. शेपटीसकट. पट्टी ओढली, बटण लावलं. मी सोफ्यावर, ती खुर्चीवर, तो आत. पाच मिनिटं. दहा. अंडं मागितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने घोरायला लागला.

तिने बाटलीकडे बघितलं. मी ओच्यातली बटणं काढून तिच्यापुढे ओतली. मोजायला सांगितलं नाही. तिला कळलं. लॅबमध्ये काम करते, थेंबभर रक्तावरून माणसाचं सगळं सांगते, तिला हे कळायला कितीसा वेळ!

"आणि खोळ?"

म्हटलं, मीच. पाय धरून त्याला बाहेर ओढलं, तेही सांगून टाकलं.

वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओट्याशी गेली आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागली. तिच्या पाठीला म्हटलं, "तू म्हणालीस ना फोनवर, घरात कुणी असायची गरज नाही. हा एकटा राहायला शिकला की मग माझं काय काम?"

पाणी चालूच. मग नळ बंद केला. तरी वळली नाही.

"आई, दोन वर्षांत डॉक्टर सोडून तुम्ही जिना उतरलात का? कुत्र्याला राखायला तुम्ही घरात. मी फोनवर तेच सांगत होते, की आता तुम्हाला बाहेर पडता येईल. टेलरबाईंबरोबर बाजारात जाल. पायही नवीन येतोय. आणि तुम्ही त्याला पाय धरून बाहेर ओढलंत?"

आता हे तिला आधी सांगता येत नव्हतं? म्हणते, तुम्हालाही विचारता येत होतं. बरोबर आहे, पण बरोबर असायची एवढी घाई काय!

लॅबला दोन तास उशिरा गेली. जाताना माळीबुवांना फोन करून कुत्रं देत नाही म्हणून सांगितलं. माझ्याशी मात्र संध्याकाळपर्यंत बोलायची नाही असं दिसतंय. आल्यावर कळेल.


गुरुवार, १९

बोलली. म्हणाली, मिठाचा डबा द्या.


शनिवार, २१

आता कडीचा अभ्यास. दवाखान्यातून आल्यावर मला वाकता येणार नाही, पट्टी ओढता येणार नाही. सूनबाईला घाई असते, काजात बटण घालायला तिला दहा मिनिटं लागतात. एवढी शिकलेली! म्हणून कडीला फडकं गुंडाळून, आधी हळू, मग जरा जोरात. खट झालं की लगेच अंडं. नातीने फोनवरून सांगितलं, पण मला ते आधीच सुचलं होतं. तिला तसं म्हटलं नाही. पोरीला बरं वाटू दे.

दुपारपर्यंत फडकं काढलं. खट. जावईबापूंनी कान उभा केला, जो उभा होताच तो. दुसरा पडलेलाच. अंड्याची वाट बघत बसले.

अकरा बटणं. खरी.

मी खोळ स्वतः शिवली. टेलरबाईंनी उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, बरी आहे. त्यांच्या तोंडून हे फार झालं.


सोमवार, २३

उद्या.

तीन तास वीस मिनिटं. बाटली भरली, म्हणून आता चहाच्या कपात टाकतोय. जॅमपेक्षा जास्त बटणं झाली.

पिशवी भरली. सूनबाईने भरली, मी काढली, तिने परत भरली. दोन गाऊन कशाला? कळ आलेली माणसं कपडे बघतात का?

सांगायचं एवढंच, वही — मला भीती वाटते. टेलरबाई, हे लिहा, पण सुनेला वाचून दाखवू नका.


गुरुवार, २६

टेलरबाई दवाखान्यात आल्यात, चार वाजता, मापाची वही घेऊन. गुडघा झाला. सूनबाई सांगते, जावईबापू पावणेचार तास गप्प राहतात आणि तिने दार उघडलं की आधी माझ्या पलंगावर जाऊन बघतात, मग खाली उतरून जेवतात.

इथे काल पलंगाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे वर केले. खट. वरून पिन लावली. खट! मी एवढी ओरडले की शेजारच्या बाईने घंटा वाजवली. नर्सबाईंना म्हटलं, मला सुई-दोरा द्या, मी काज-बटण करून देते. त्या हसल्या, कठडा तसाच. रात्रभर एकच ऐकत पडले — दाराशी कुणाचं पाऊल वाजतंय, आणि ते आपल्या माणसाचं आहे का.

तर, सूनबाईला सांगा. उद्या डब्यात मऊ भात नको, तो इथेही देतात. उकडलेलं अंडं पाठव. पिवळ्याचे चार तुकडे कर. माझ्याकडे द्यायचे नाहीत, मी एकदम खाऊन टाकीन. नर्सबाईंकडे दे. गप्प पडून राहिले तर दर तासाला एक.